आईला पेन घ्यायचं होतं

आमच्या घरात कुठलीही वस्तू एकदम येत नसे. आधी तिच्याबद्दल बोलणं निघायचं, मग विरोध व्हायचा, मग काही महिने सगळं शांत, आणि मग एखाद्या सणाच्या निमित्ताने ती वस्तू घरात यायची. मिक्सर असाच आला, टेबलफॅनही असाच आला. बाबा पाटबंधारे खात्यात कारकून होते. कुठलीही मागणी शेरा मारल्याशिवाय पुढे जाऊ द्यायची नाही, ही ऑफिसातली सवय त्यांनी घरीही लावून घेतली होती. कशाला हवी, किती टिकेल आणि नसली तर काय अडेल, एवढं ते विचारायचेच. चिडून नाही, अगदी मनापासून. या प्रश्नांना उत्तरं द्यायची सवय आईला होती, कारण सगळ्या मागण्या तिच्यामार्फतच जायच्या. माझे बूट, बाबांचा स्वेटर, गावाकडून येणाऱ्या पाहुण्यांसाठी जास्तीची गादी. स्वतःसाठी तिने काही मागितल्याचं मला आठवत नाही. म्हणून एका संध्याकाळी जेवताना ती "मला एक पेन घ्यायचंय" असं म्हणाली, तेव्हा बाबांनी ताटावरून नजर न उचलता "घे की" म्हटलं आणि चटणीवर घालायला तेल मागितलं. त्यांना वाटलं, कोपऱ्यावरच्या दुकानातलं पेन असेल.

मी मात्र दचकले, कारण ते कुठलं पेन हे मला माहीत होतं.

आम्ही तेव्हा नाशिकरोडला, जेलरोडवर एका दुमजली इमारतीत भाड्याने राहत होतो. दोन खोल्या आणि पुढे लांबट गॅलरी. त्या घराचे आवाज अजून माझ्या कानात आहेत. स्टेशनातून सुटणाऱ्या गाडीची शिट्टी, खालच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा, आणि देवळालीकडे तोफांचा सराव चालू असला की कपाटातल्या कपबशांची बारीक किणकिण. पाहुणे दचकायचे, आम्ही बोलणं जरा थांबवायचो आणि पुढे चालू ठेवायचो. द्राक्षांच्या दिवसांत घडातून गळालेले मणी हातगाडीवर स्वस्त मिळायचे. आई ते गॅलरीत जुन्या साडीवर वाळत घालायची आणि घरभर आंबटगोड वास भरून राहायचा. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि रोज सिटी बसला लोंबकळून नाशकात जात होते. मोपेड घ्यावी असं माझं बोलणं घरात निघून झालं होतं, विरोधही होऊन गेला होता. आता शांततेचे महिने चालू होते, म्हणजे काम होण्याच्या बेतात होतं.

आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. ट्रंक कॉल लावून द्यायची. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात दोरीने बांधलेलं बॉलपेन आणि नंबर टिपायच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. देवळाली कॅम्पातून एक पारशी बाई वर्षानुवर्षं कलकत्त्याला बहिणीला कॉल बुक करायच्या. लाइन मिळेपर्यंत बराच वेळ जायचा. त्या वेळात त्या आईशी बोलायच्या, आज काय रांधलं, गुडघे कसे आहेत, एवढंच. मग गल्लोगल्ली एसटीडीचे पिवळे बूथ निघाले आणि ट्रंक कॉल कमी होत गेले. एक दिवस त्या बाई काठी टेकत थेट एक्स्चेंजमध्ये आल्या आणि वॉचमनला म्हणाल्या, मला आवाजवाल्या सुमनला भेटायचं आहे. त्या पेरीनबाई. आईला पाहून पारशी वळणाच्या मराठीत म्हणाल्या, "तुझा आवाज केवढा मोठा, ने तू तर अगदी बारीक हाय." आणि रविवारी चहाला बोलावून गेल्या. एकटीला जायला संकोच वाटला म्हणून आई मला घेऊन गेली.

कॅम्पातला तो बंगला बसका होता, मागे वाकलेली चिकूची झाडं. पेरीनबाईंनी पुदिना आणि गवती चहा घातलेला चहा दिला, बरोबर जिऱ्याचे बतासे, म्हणजे तोंडात विरघळणारी पारशी बिस्किटं. त्यांचे भाऊ, होमीभाई, दोन वर्षांपूर्वी वारले होते. त्यांना जुन्या पेनांचा नाद होता. भावाच्या माघारी त्या ती पेनं एकेक करून विकत होत्या, कारण बंगल्याचं छप्पर गळायला लागलं होतं. चपट्या लाकडी पेटीत आत निळी मखमल होती आणि बऱ्याच खाचा रिकाम्या होत्या. उरलेल्यांतलं एक पेन आईने उचललं. जाडसर, हिरव्या आणि काळ्या पट्ट्यांचं. उजेडात फिरवलं की हिरव्यात मोरपिसासारखी चमक हलायची. अंगावर एक बारीक पितळी पट्टी होती. ती नखाने उचलून सोडली की आतली रबरी पिशवी दबते आणि पेन शाई ओढून घेतं, हे पेरीनबाईंनी करून दाखवलं. "लिही ना," त्या म्हणाल्या.

पेन चालतं का ते बघायचं तर माणूस आपलं नाव लिहितो. आईने नाव लिहिलं नाही. तिने एक आडवी रेघ ओढली, मग एक उभी, मग गोलाकार वळणं घेत ओळभर काहीतरी काढत गेली. अक्षरं नव्हतीच ती. रेघ वळणावर जाड व्हायची आणि पुन्हा बारीक होत जायची. आईचा चेहरा मी तेव्हा पाहत होते. हेडफोनवर पलीकडून फार हळू आवाज येत असला की ती असा चेहरा करायची. आता सगळं थांबवून ती फक्त ऐकते आहे, असा. कागद भरला तसा तिने तो उलटा केला. पेरीनबाई माझ्याकडे पाहून हसल्या आणि त्यांनी चहा पुन्हा गरम करायला सांगितला.

त्या पेनाची किंमत ऐकल्यावर बाबांनी जेवण थांबवलं. त्या पैशात जुनी मोपेड आली असती, आणि हे त्यांच्या आधी माझ्या लक्षात आलं होतं. "सुमन, पेन?" ते म्हणाले. "कशाला पण?"

"आवडलं," आई म्हणाली.

"आवडलं ते ठीक आहे. पण कशाला?"

पुढचे काही आठवडे घरात हाच विषय होता, आणि बाबांविषयी सांगायला हवं की त्यांनी तिची एकदाही थट्टा केली नाही. ते खरोखर कारण शोधत होते. दिवसभर ते दोरीचं पेन धरून कंटाळली असेल, असं त्यांनी सुचवलं. आई म्हणाली, नाही, तसं काही नाही. मग त्यांना वाटलं, तिला लेखन वगैरे करायचं असेल, तर साध्या पेनाने सुरुवात करावी. आई म्हणाली, लिहिण्यासारखं काही नाही माझ्याकडे. पुढे त्यांनी विचारलं, वस्तू म्हणून जपून ठेवायला का, किंमत वाढेल म्हणून? त्यावर ती जरा विचार करून म्हणाली, "वाढते का ते मला माहीत नाही. विचारून बघू." तिला विचारून बघायची मनापासून उत्सुकता होती, आणि मला वाटतं, तिथूनच त्या गोष्टीला वेगळं वळण लागलं. आईने कारण द्यायचं सोडून पेनाचीच चौकशी सुरू केली.

आमच्या वरच्या मजल्यावर बागुल सर राहायचे. ते सटाण्याकडचे, ड्रॉइंगचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे बोरू, टाक आणि जुन्या निबांचे डबेच्या डबे होते. एरवी ते पुस्तकी मराठी बोलायचे, पण मनापासून खूश झाले की त्यांची अहिराणी बाहेर यायची. आई रोज संध्याकाळी पोळ्या झाल्या की वर जाऊन बसायची. जुन्या पेनात काय बघायचं, हे ती त्यांच्याकडून शिकून घेत होती. अंग सेल्युलॉइडचं असेल तर त्याला कापरासारखा वास येतो. टोपणाच्या काठाला केसाएवढी चीर असते, ती उजेडासमोर धरल्याशिवाय दिसत नाही. रबरी पिशवी सुकून कडक होते, पण ती बदलता येते. निब मात्र मूळचीच हवी, तिच्यावर कंपनीचं नाव असतं, ते पेनावरच्या नावाशी जुळलं पाहिजे. संग्रह करणारे लोक सगळं मूळचं असण्यालाच पैसे देतात. आई खाली आली की हे सगळं आम्हाला सांगायची. बाबा, ज्यांना पेनात काडीचा रस नव्हता, ते एकदा भाजी निवडता निवडता म्हणाले, "मग त्या पिशवीला आतून शाई चिकटून नाही का बसत?" आणि दोघं त्यावर बराच वेळ बोलत राहिले. मी आतून ऐकत होते आणि मोपेड लांब चालली आहे, हे मला कळत होतं.

आता असल्या गोष्टी फोनवर क्षणात सापडतात. परवा मीच बघत होते. तसल्या पेनांचे चहूबाजूंनी काढलेले फोटो, किमती, खरं-खोटं कसं ओळखायचं, सगळं असतं. तेव्हा माहिती माणसांकडे होती, आणि ती घ्यायला माणसाच्या दारात बसावं लागायचं. आईला माहितीपेक्षा ते बसणंच जास्त आवडलं की काय, असं मला आता कधी कधी वाटतं.

दरम्यान पेरीनबाईंचा निरोप आला, की मुंबईचा एक व्यापारी उरलेली सगळी पेटी घ्यायला रविवारी येतो आहे, घ्यायचं तर त्याआधी सांग. शनिवारी आई, मी आणि बागुल सर बसने देवळालीला गेलो. मीही मुद्दाम गेले. पेनात काहीतरी खोट निघावी, असं मला मनातून वाटत होतं. बागुल सरांनी आधी पेन हुंगलं, मग खिडकीशी जाऊन टोपण उजेडात धरलं, मग खिशातलं भिंग काढलं. आई त्यांच्या शेजारी उभी होती. पेरीनबाई खुर्चीत बसून काठीवर दोन्ही हात ठेवून पाहत होत्या. टोपणाला चीर नव्हती. निबेपाशी सर थांबले. त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "तुझे डोळे तरुण आहेत, काय लिहिलंय वाच." मी वाचलं. पेनावर इंग्लंडातल्या एका कंपनीचं नाव होतं, निबेवर दुसरंच काहीतरी होतं.

"निब बदललेली आहे," सर हळू आवाजात आईला म्हणाले. "संग्रहाचं म्हणाल वहिनी, तर हे घेऊ नका. निम्मीही किंमत येणार नाही." मग त्यांनी कागद ओढून एक ओळ लिहिली, थबकले, आणि अजून एक लिहिली. देवनागरी अक्षरं, वरच्या रेघेसकट. उभा दांडा भरदार आणि वळण बारीक, छापल्यासारखं. "पण हाई काय लिखस माय," ते म्हणाले. "ही निब तिरकी कापलेली आहे, बोरूसारखी. आपल्या लिपीला मूळच्या निबेपेक्षा हीच बरी. भारी शे."

म्हणजे पेन विकायला वाईट आणि लिहायला उत्तम निघालं होतं. मला अजून आठवतं, आई ते ऐकून एकदम हसली. तिला जे हवं होतं ते नेमकं तेच होतं, आणि आता ते कमी किमतीतही मिळू शकलं असतं. बागुल सरांनी तिला डोळ्यांनी खुणावलंही, की बोला आता. पण आईच्या मनात दुसरंच चाललं होतं. ती पेरीनबाईंच्या खुर्चीजवळ गेली आणि तिने त्यांना सरळ सांगून टाकलं. उद्या तो माणूस येईल, तो हे बघेल आणि याच्या नावावर सगळ्या पेटीची किंमत पाडेल. तेव्हा हे पेन पेटीतून बाजूला काढा, बाकीच्यांचे पैसे पुरते घ्या.

पेरीनबाईंना आधी रागच आला. "होमी खोटी वस्तू राखणारा नव्हता," त्या म्हणाल्या. आई म्हणाली, "खोटी नाही हो. फक्त निब दुसरी आहे. कधी पडलं-बिडलं होतं का?"

बाहेर कुठेतरी तोफेचा आवाज झाला आणि खिडकीची तावदानं हलली. मग पेरीनबाई म्हणाल्या, "माझ्या हातून पडला होता. लय वरस झाले. मी टेबल पुसत होती, ने हा खाली लादीवर, तोंडावर पडला. मी उचलून तसाच ठेवून दिला. होमीला बोलली नाही." त्यांनी पेन हातात घेतलं. "त्याने मुंबईला पाठवून निब बसवली असेल. ने मला कधी विचारला पण नाही, की पेरीन, हे तू केला काय." मग त्यांनी ते पेटीत ठेवलं नाही, आपल्या झग्याच्या खिशात ठेवलं. "सुमन, आता हे मी देऊ नाय शकत. तू वाईट नको मानू."

"नाही मानत," आई म्हणाली.

परत येताना बसमध्ये बागुल सर हळहळत होते, की वहिनी, तुम्ही तोंड उघडलंच नसतं तर. आई खिडकीबाहेर बघत होती. घरी आल्यावर तिने बाबांना सगळं सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं, आणि माझी खात्री होती की ते सुटकेचा श्वास टाकतील. ते म्हणाले, "मग दुसरं एखादं बघायचं का तसलं?" आई नको म्हणाली. पुढे दिवाळीत माझी मोपेड आली. तिच्यामुळे मी जितकं आनंदून जायला हवं होतं, तितकी गेले नाही. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. दोन माणसं एकमेकांशी किती खरं बोलू शकतात, ते मी पेरीनबाईंच्या घरी पाहिलं होतं, आणि त्याच्यापुढे मोपेड ही जरा लहान गोष्ट वाटत होती.

आईचं देवळालीला जाणं थांबलं नाही. उलट वाढलं. पेटीचे चांगले पैसे आले, छप्पर दुरुस्त झालं, आणि पेरीनबाईंनी आईला सांगितलं की पेन बंद राहिलं तर आतली शाई सुकते, माझा हात कापतो, तेव्हा तू येऊन चालवत जा. मग महिन्यातून एखाद्या रविवारी मी तिला मोपेडवर मागे बसवून कॅम्पात सोडायची. ती त्या खिडकीपाशी बसून लिहायची. काय लिहायची? मी डोकावून पाहिलं आहे. बाजारभाव, एक्स्चेंजमधले किस्से, शेजारणीचं बोलणं जसंच्या तसं, तिच्या आईची म्हणून आठवणारी एखादी ओवी. कधी नुसत्या रेघा. पेरीनबाई समोर विणत बसायच्या, आणि संध्याकाळी आई ते कागद तिथेच ठेवून यायची. लिहिण्यासारखं काही नाही म्हणणारी बाई भराभर पानं भरत होती, आणि तिला त्याचं काही विशेष वाटत नव्हतं.

अशी बरीच वर्षं गेली. माझं शिक्षण झालं, नोकरी लागली, लग्न ठरलं. एक्स्चेंजमधले ते भोकाभोकांचे बोर्ड निघून गेले आणि आईला दुसऱ्या टेबलावर बसवलं. खिशातले फोन आले. पेरीनबाई फार थकल्या, तेव्हा कलकत्त्याचा भाचा त्यांना न्यायला आला. निघायच्या आदल्या दिवशी आम्ही गेलो, तर सामान बांधून झालं होतं. त्यांनी खिशातून पेन काढून आईपुढे धरलं. "हे तुझा. मी तुला भेट देते."

आईने हात पुढे केला नाही. मला वाटलं, संकोच. मी तिला कोपराने खुणावलंही. पण ती नीट बसून म्हणाली, "पेरीनबाई, भेट नको. मला हे विकत घ्यायचं होतं. तुम्ही तेव्हा जी किंमत सांगितली होती, त्या किमतीला द्या."

"निब बदलेली हाय, तुझा सर काय बोलला होता?"

"सर संग्रहाचं बोलले होते."

भाचा मध्ये काहीतरी बोलणार होता, त्याला त्यांनी हाताने गप्प केलं. त्या एकट्यांनाच आईचं म्हणणं पूर्ण कळलं असावं. वस्तू कुणी दिली म्हणून आपली होणं वेगळं आणि आपल्याला हवी होती म्हणून आपण घेणं वेगळं. मला ते समजायला पुढे संसारातली बरीच वर्षं जावी लागली. "ठीक हाय," त्या म्हणाल्या. "पण मी एक पैसा कमी नाय करणार." आई म्हणाली, "करूच नका." पैसे तिने येतानाच बँकेतून काढून आणले होते. पेरीनबाईंनी ते घेतले, डोळ्यांजवळ नेऊन मोजले, आणि मग दोघींनी एकमेकींचे हात धरले. रडलं कुणी नाही.

घरी बाबा निवृत्त होऊन गॅलरीत पेपर वाचत बसले होते. आईने पर्समधून पेन काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते फिरवून बघितलं, पितळी पट्टी नखाने उचलून अलगद सोडली, टोपण काढून पेपरच्या कडेला आपली सही केली. मग चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते "कशाला?" असं विचारणार.

"जरा जड आहे," ते म्हणाले.

"आहे," आई म्हणाली, आणि तिने पेन परत घेतलं.